अमेरिकेत एमएस करताना जीपीए घसरला तर: प्रोबेशन आणि डिसमिसल टाळायला कोणत्या आठवड्यात काय करायचं

निंबोणी (धागाकर्ती)

प्रोबेशनचं पत्र डिसेंबरच्या शेवटी नाहीतर मेमध्ये येतं, आणि मदतीच्या हाकाही तेव्हाच येतात. तोवर बहुतेक वाटा बंद झालेल्या असतात. त्या खुल्या असतात सत्राच्या दुसऱ्या ते दहाव्या आठवड्यात, म्हणून हा धागा ऑगस्टमध्येच काढतेय. ज्यांना विद्यापीठांचे नियम आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाचे नियम नीट माहीत आहेत त्यांनी भर घालावी.

आधी रेषा कुठे आहे ते. मास्टर्सला एकत्रित जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.० आणि बॅचलर्सला २.० असावा, ही बहुतेक विद्यापीठांची अट. त्याखाली गेलात की प्रोबेशन, म्हणजे ताकीद आणि मुदत. मुदत कुठे एका सत्राची असते, कुठे पुढच्या ठरावीक क्रेडिट्सची. त्या मुदतीत वर आला नाहीत तर डिसमिसल, म्हणजे विद्यापीठातून काढून टाकणं. काही विभागांची अट विद्यापीठापेक्षा कडक असते: मुख्य विषयात बी-मायनस आला तर तो डिग्रीत धरत नाहीत, पण जीपीएत मात्र धरतात. म्हणून ग्रॅज्युएट स्कूलचं हँडबुक आणि विभागाचं हँडबुक, दोन्ही वाचा.

आपली मुलं अडकतात ती हुशारी कमी पडते म्हणून नाही. मुंबईचा ८०-२० किंवा पुण्याचा ७०-३० अंगवळणी पडलेला असतो. पीएलमध्ये रात्री जागून पेपर काढायचा, राहिलाच तर केटी, मार्क कमी वाटले तर फोटोकॉपी मागवून रिव्हॅल. इथे यातलं काहीच नाही. शेवटच्या परीक्षेला ३० टक्के वजन असेल तर नोव्हेंबर संपेपर्यंत ७० टक्के ग्रेड लिहून झालेली असते. नापास झालात तर तो विषय पूर्ण फी भरून पुन्हा घ्यायचा, आणि पहिला एफ ट्रान्स्क्रिप्टवर राहतोच. केटीची जागा इथे घेतली आहे कॅलेंडरने. कोणत्या तारखेपर्यंत विषय सोडता येतो, कोणत्या तारखेपर्यंत डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची ट्रान्स्क्रिप्टवरची नोंद) मिळतो, एवढं ज्याला पाठ आहे त्याच्या हातात काहीतरी असतं.

आठवड्यांचा हिशेब असा. तारखा विद्यापीठागणिक बदलतात, स्वतःच्या रजिस्ट्रारच्या पानावर पाहून भिंतीवर लावा.

पहिला आठवडा: तिन्ही सिलॅबस वाचून एका कागदावर उतरवा. कशाला किती टक्के, उशिरा दिलं तर किती कापतात, परीक्षेत किमान किती मिळायलाच हवेत. शेवटची अट पुष्कळदा आतल्या पानावर लपलेली असते.

दुसऱ्या आठवड्याच्या आसपास ॲड-ड्रॉप संपतं. तोवर सोडलेला विषय ट्रान्स्क्रिप्टवर दिसतच नाही. म्हणून पहिला गृहपाठ आला की लगेच बसा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याला पंधरा तास लागले आणि तरी निम्मा अंधार असेल, तर तो विषय तुमच्या पातळीच्या वरचा आहे. मेकॅनिकलमधून डेटा सायन्सला आलेल्या मुलाने पहिल्याच सत्रात ॲडव्हान्स्ड मशीन लर्निंग घेणं हे प्रोबेशनचं एक नेहमीचं कारण आहे. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी कच्ची असताना तो विषय झेपत नाही, मग मेहनत कितीही असो.

तिसरा ते पाचवा: पहिले मार्क येतात. एखाद्या विषयात वर्गाच्या सरासरीपेक्षा बरेच खाली असाल तर याच आठवड्यात प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) जायचं. मिडटर्मनंतर गेलात तर ते फक्त ऐकून घेतात.

आठवा ते दहावा: मिडटर्मचे मार्क आणि डब्ल्यूची अंतिम तारीख यांच्यात कधीकधी चार दिवसही नसतात. निर्णय तेवढ्यातच घ्यायचा.

आडवाट

धागा वेळेवर आलाय. मी फक्त आकडे मांडतो, कारण 'पुढच्या सेमला भरून काढू' म्हणणाऱ्या बहुतेकांनी गणितच केलेलं नसतं.

ए ४.०, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३, बी ३.०, बी-मायनस २.७, सी-प्लस २.३, सी २.०, एफ शून्य. ग्रेडला क्रेडिट्सने गुणायचं, बेरीज करायची, एकूण क्रेडिट्सनी भागायचं.

समजा पहिल्या सत्रात तीन-तीन क्रेडिट्सचे तीन विषय, आणि ग्रेड बी, बी-मायनस, सी. गुण ९ + ८.१ + ६ = २३.१. भागिले ९, म्हणजे २.५७. दुसऱ्या सत्राअखेर १८ क्रेडिट्सवर ३.० हवा तर एकूण ५४ गुण लागतात. उरले ३०.९, म्हणजे पुढच्या तीन विषयांत सरासरी ३.४३. नेमकं सांगायचं तर एक ए-मायनस आणि दोन बी-प्लस. त्यात एक बी आला तर बाकी दोन्ही ए-मायनस लागतात.

आता तोच सी डब्ल्यूमध्ये बदलला असता तर? बी आणि बी-मायनस मिळून ६ क्रेडिट्सवर १७.१, जीपीए २.८५. तरीही प्रोबेशन, पण पुढच्या सत्रात लागतात २७.९ गुण, म्हणजे एक बी-प्लस आणि दोन बी. पहिल्या सत्रात अडखळलेल्या मुलाला हे जमण्यासारखं आहे. वरचं बहुधा नाही. दहाव्या आठवड्यातल्या एका फॉर्मने एवढा फरक पडतो.

एफचं गणित फार क्रूर आहे. बी, बी, एफ म्हणजे ९ क्रेडिट्सवर १८ गुण, जीपीए २.०. वर यायला पुढच्या तिन्ही विषयांत ए. विद्यापीठात ग्रेड रिप्लेसमेंट असेल, म्हणजे विषय पुन्हा घेतल्यावर जुना एफ जीपीएतून निघत असेल, तर तोच विषय पुन्हा घेऊन बी आणि बाकी दोन बी एवढ्यावर ३.० होतो. मात्र ग्रॅज्युएट पातळीवर ही सोय बऱ्याच ठिकाणी नसते, दोन्ही ग्रेड धरतात. विषय पुन्हा घेण्याआधी हे रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या.

झुंजूमुंजू

डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत ना? मग घाबरायचं काय, जड वाटला विषय की टाकायचा डब्ल्यू.

चौथीसीट

झुंजूमुंजू, थांबा. एफ-१ वर असाल तर हे वाक्य धोक्याचं आहे. जीपीए वाचवायला उचललेलं पाऊल व्हिसाचं स्टेटस घालवू शकतं.

एफ-१ वर प्रत्येक मुख्य सत्रात पूर्ण भार असावा लागतो. बॅचलर्सला १२ क्रेडिट्स. मास्टर्सला विद्यापीठ ठरवतं तेवढा, बहुतेक ठिकाणी ९. तीनपैकी एक विषय सोडलात की ६ वर आलात, म्हणजे पूर्ण भाराच्या खाली. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची (व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) मंजुरी सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींत) नोंदली जाण्याच्या आधी विषय सोडलात, तर त्या दिवसापासून तुम्ही स्टेटसबाहेर. सॉफ्टवेअर अडवतंच असं नाही, काही पोर्टल्सवर बटण दाबलं की विषय सुटतो. क्रम कायम हाच ठेवा: आधी ॲडव्हायझर, मग डीएसओ, मंजुरीचा ईमेल हातात, मग ड्रॉप.

या मंजुरीला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. शैक्षणिक अडचणीसाठी ती मिळण्याची कारणं नियमात मोजकीच आहेत: इंग्रजी भाषेची किंवा वाचनाच्या अपेक्षेची सुरुवातीची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात बसवलं जाणं. 'विषय जड गेला' हे कारण या यादीत नाही. 'पूर्वतयारी नसताना या पातळीच्या विषयात नाव घातलं गेलं' हे आहे, आणि तसं खरोखर असेल तर ॲडव्हायझर लिहून देतात. कमीत कमी ६ क्रेडिट्स ठेवावेच लागतात. शैक्षणिक कारणासाठी ही सवलत एका डिग्रीच्या पातळीवर एकदाच मिळते आणि पुढच्या मुख्य सत्रात पूर्ण भारावर यावं लागतं. पहिल्या सत्रात वापरून टाकलीत तर तिसऱ्या सत्रासाठी शिल्लक राहत नाही.

आजारपणाची सवलत वेगळी. त्यासाठी मेडिकल डॉक्टर, डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथी किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं पत्र लागतं, आणि ती एका पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. यात शून्य क्रेडिटही चालतं. समुपदेशन केंद्रातल्या समुपदेशकाचं पत्र आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र एक नव्हे. आधी विचारा, नाहीतर ऐन वेळी दुसरी अपॉइंटमेंट शोधण्यात आठवडा जातो.

पाटीपेन्सिल

चौथीसीटना पुरवणी. बरीच मुलं धरून चालतात की प्रोबेशनमुळे एक सत्र वाढलं तर आय-२० (शिक्षणाची मुदत लिहिलेला विद्यापीठाचा व्हिसासाठीचा कागद) वाढवून मिळेल. नियम उलटं सांगतो. मुदतवाढीसाठी सबळ शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण लागतं, संशोधनात अनपेक्षित अडचण आली वगैरे, आणि प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे झालेला उशीर हे कारण ग्राह्य धरायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय अर्ज आय-२० ची तारीख उलटण्याआधीच व्हावा लागतो.

याचा सगळ्यात वाईट फटका शेवटच्या सत्रात बसतो. ३० क्रेडिट्स झाले, सगळे विषय पास, जीपीए २.९५. डिग्री मिळत नाही, कारण डिग्रीलाही ३.० ची अट. आडवाटांच्या पद्धतीने मोजा: ३० क्रेडिट्सवर ८८.५ गुण आहेत. जास्तीचा एक विषय घेतला तर ३३ क्रेडिट्सवर ९९ हवेत, म्हणजे त्या एका विषयात १०.५ गुण. बी-प्लसचे ९.९ होतात, पुरत नाहीत. ए-मायनसच लागतो. आणि तो विषय घ्यायला आय-२० वर जागा हवी. दुसऱ्या सत्राअखेर ३.० च्या अलीकडे-पलीकडे असाल तर शेवटच्या सत्राची वाट न पाहता तिसऱ्यातच चौथा विषय बसतो का ते पाहा, तेही तो तुमच्या आवाक्यातला असेल तरच.

एक गैरसमजही काढून टाकतो. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात विषय करून जीपीए वर आणता येत नाही. बाहेरून आणलेली क्रेडिट्स मोजली जातात, ग्रेड सहसा मोजत नाहीत. तसंच सॅटिस्फॅक्टरी-अनसॅटिस्फॅक्टरी पद्धतीचा सेमिनार जीपीए हलवत नाही. वर यायचं तर त्याच विद्यापीठात, ग्रेड मिळणाऱ्या विषयात.

गवतीचहा

पोर्टलवर ८८ टक्के दिसत होते आणि शेवटी सी-प्लस आला, असं ऐकायला येतं. हे कसं होतं कुणी सांगेल का?

आडवाट

गवतीचहा, बहुतेक वेळा कॅनव्हासमुळे. तिथला एकूण आकडा साधारणपणे फक्त तपासून झालेल्या कामांवर काढलेला असतो. दिलेलं नाही किंवा अजून तपासलेलं नाही ते त्यात नसतं. ग्रेड्सच्या पानावर फक्त तपासलेल्या कामांवर हिशेब करण्याची एक चौकट असते, तिच्यातली खूण काढा. मग जो आकडा दिसतो तो आजवर खरोखर जमा झालेला. दुसरं, त्याच पानावर काल्पनिक मार्क टाकून पाहता येतात. फायनलला ६० मिळाले तर काय, ७५ मिळाले तर काय, हे दर रविवारी पाहा. काही शिक्षक एकूण आकडा लपवतात, तिथे स्वतःची एक्सेल शीट करावी लागते. निंबोणींनी सांगितलेला पहिल्या आठवड्यातला कागद इथे कामाला येतो.

आणि ग्रेडस्कोपवर (पेपर तपासायच्या ऑनलाइन साधनावर) मार्क आले की रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क याची यादी, उघडून वाचा. तिथे रिग्रेडची विनंती करता येते, पण खिडकी बहुधा काही दिवसांचीच. 'मार्क कमी वाटतात' असं लिहू नका. 'रुब्रिकमधली तिसरी पायरी माझ्या उत्तरात पान २ वर आहे' असं लिहा.

निंबोणी (धागाकर्ती)

ऑफिस अवर्सबद्दल थोडं सविस्तर, कारण आपली मुलं तिथे जातच नाहीत. सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय, ही भावना घरून आलेली असते. इथे ते शिकवण्याचाच भाग आहेत. जाताना कोरे हात नकोत. गणित जिथवर सुटलं तिथवरचा कागद न्यायचा आणि 'इथून पुढे का अडलं' एवढाच प्रश्न. टीएच्या (शिकवण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याच्या) वेळेला शेवटच्या दिवशी रांग असते, तीन दिवस आधी गेलात तर वीस मिनिटं तुमची एकट्याची.

वेळेचा हिशेबही मांडायला हवा. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचं काम, ही क्रेडिटची सरकारी व्याख्याच आहे. तीन विषय म्हणजे २७ तास, आणि प्रोग्रॅमिंगचा विषय असेल तर त्याहून बरेच जास्त. कॅम्पसवरच्या कामाची सत्रातली कमाल मर्यादा २० तास. ते पूर्ण घेतले तर ४७. त्यात स्वयंपाक, बसचा प्रवास, इंटर्नशिपचे अर्ज. पहिल्या सत्रात दहा तासांच्या वर काम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असला तरी. एक विषय पुन्हा घेण्याची फी त्या जास्तीच्या दहा तासांच्या कमाईतून सहसा भरून निघत नाही.

टीए किंवा आरए (संशोधन सहायक) असणाऱ्यांनी नेमणुकीच्या पत्रातल्या अटी पाहा. बऱ्याच ठिकाणी ३.० च्या खाली गेलं की ते काम आणि त्याच्याबरोबरची फीमाफी दोन्ही जातात, म्हणजे प्रोबेशन आणि पूर्ण फी एकाच महिन्यात दारात. भारतातल्या काही बँकाही कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी गुणपत्रक मागतात.

झुंजूमुंजू

चौथीसीट, पाटीपेन्सिल, मनापासून आभार. डब्ल्यूबद्दल माझं चुकलंच होतं. मग इन्कम्प्लीट ('आय', म्हणजे राहिलेलं काम नंतर द्यायची मुभा) घेतला तर? तो जीपीएत नाही आणि विषयही सुटत नाही.

पाटीपेन्सिल

इन्कम्प्लीट चांगला, पण तो मागायचा कधी हे कळायला हवं. बहुतेक काम झालंय, पास होण्याच्या मार्गावर आहात, आणि शेवटच्या आठवड्यांत आजारपण किंवा घरात मृत्यू असं काही घडलं, तेव्हासाठी तो आहे. निम्मे गृहपाठ राहिलेत म्हणून शिक्षक देत नाहीत. दिला तर काय पूर्ण करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी घ्या. ती तारीख चुकली की बऱ्याच ठिकाणी 'आय'चा आपोआप एफ होतो, कुणी आठवण करत नाही. आणि पुढच्या सत्राच्या तीन विषयांवर हा चौथा बसतो. प्रोबेशनवर असलेल्याने दोन इन्कम्प्लीट घेणं म्हणजे पुढचं सत्रही हातचं घालवणं.

सांजवेळ

सगळे गणिताबद्दल लिहिताहेत, पण बडतर्फीकडे जाणारी आणखी एक वाट आहे आणि ती फार वेगाने नेते: अकॅडमिक इंटिग्रिटीचे, म्हणजे नक्कल न करण्याचे नियम मोडणं. आपल्याकडे जर्नल एकमेकांचं पाहून लिहिणं चालवून घेतात. इथे तीच गोष्ट सुनावणीपर्यंत जाते.

प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठांना मॉससारखी साधनं लावतात. मॉस १९९४पासून वापरात आहे. ते व्हेरिएबलची नावं पाहत नाही, कोडची ठेवण जुळवतं. नावं बदलली, फंक्शन्स वरखाली केली, कमेंट्स काढल्या, तरी जुळणी दिसते. तुलना फक्त तुमच्या वर्गाशी नसते, मागच्या वर्षांची उत्तरं आणि गिटहबवर पडलेली सोल्यूशन्सही त्यात घालतात. आणि ज्याने दिलं तोही तेवढाच दोषी धरला जातो. रूममेटला 'फक्त बघायला' फाइल पाठवणाऱ्याचंही नाव अहवालात येतं. एआयची साधनं किती चालतील हे प्रत्येक सिलॅबस वेगळं सांगतो, एका विषयात परवानगी आहे म्हणून दुसऱ्यात धरून चालू नका.

शिक्षा शून्यापासून एफपर्यंत, पुन्हा घडलं तर सस्पेन्शन. मेरीलँड विद्यापीठात यासाठी एक्सएफ अशी वेगळी ग्रेडच आहे, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट वाचणाऱ्याला कारणही कळतं. चौकशी चालू असताना विषय सोडून सुटता येत नाही, आणि असा एफ ग्रेड रिप्लेसमेंटने पुसूही देत नाहीत.

बोलावणं आलं तर: आरोप आणि पुरावा लेखी मागा, उत्तराची मुदत पाळा, विद्यापीठाचं विद्यार्थी साहाय्य कार्यालय किंवा ओम्बड्स (तक्रारींत मध्यस्थी करणारा तटस्थ अधिकारी) असेल तर आधी त्यांना भेटा. केलं असेल तर कबूल करणं बरं. खोटं सांगितलं आणि फाइलचा इतिहास समोर ठेवला गेला तर पहिल्याच चुकीला दुसरी जोडली जाते. केलं नसेल तर गिटच्या कमिट्स, गूगल डॉक्सचा व्हर्जन इतिहास, कच्चे कागद घेऊन जा. म्हणून पहिल्या दिवसापासून काम अशा ठिकाणी करा जिथे इतिहास राहतो.

मुक्कामपोस्ट

आई-वडिलांना विद्यापीठ ग्रेड कळवतं का? आणि इथेच वाढलेल्या, बॅचलर्स करणाऱ्या मुलांसाठी नियम वेगळे आहेत का?

सांजवेळ

मुक्कामपोस्ट, १९७४चा फेर्पा कायदा आहे. कॉलेजात गेल्यावर नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, फी कोणीही भरो. मुलाची लेखी संमती असेल तर विद्यापीठ सांगतं. मूल करात अवलंबित दाखवलेलं असेल तर विद्यापीठ सांगू शकतं, पण सांगायलाच हवं असं नाही. त्यामुळे प्रोबेशनचं पत्र घरी कळेल या भरवशावर राहू नका. पहिल्या सत्रात मुलाने स्वतः पोर्टल उघडून दाखवावं, एवढा मोकळेपणा घरात असलेला बरा.

नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना व्हिसाची काळजी नाही, पण सरकारी मदतीची आहे. तिथे सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस पाहतात. जीपीए तर हवाच, शिवाय घेतलेल्या क्रेडिट्सपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण झालेली हवीत, आणि डिग्रीच्या क्रेडिट्सच्या १५० टक्क्यांच्या आत ती संपायला हवी. इथे डब्ल्यू मोजला जातो. १५ घेऊन ६ टाकली तर पूर्णता ६० टक्के, म्हणजे जीपीए ३.५ असूनही मदत धोक्यात. आणि सगळेच विषय सत्राच्या ६० टक्क्यांच्या आधी सोडले तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो. शैक्षणिक प्रोबेशन आणि मदतीचं प्रोबेशन ही दोन वेगळी पत्रं, दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळी अपिलं.

गवतीचहा

डिसमिसलचं पत्र आलंच तर अपील कसं लिहायचं? नेटवर मिळणारे नमुने चालतात का?

निंबोणी (धागाकर्ती)

नमुने चालत नाहीत. समितीसमोर अशी पुष्कळ पत्रं येतात, साच्यातलं पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं.

पत्रातली तारीख आधी पाहा. मुदत कित्येकदा थोड्या दिवसांची असते आणि सुट्टीतच संपते. दीड पानाच्या वर जाऊ नका. सुरुवातीला काय मागताय ते एका वाक्यात: डिसमिसल मागे घेऊन एका सत्राचं प्रोबेशन. मग काय बिघडलं, तारखांसकट. 'घरी अडचण होती' याने काही कळत नाही. '३ ऑक्टोबरला वडील रुग्णालयात दाखल झाले, ५ ते १९ मी भारतात होतो, दोन गृहपाठ आणि एक मिडटर्म गेली' याने कळतं. मग आता काय बदललं आहे. हाच परिच्छेद निकाल ठरवतो, आणि नेमका तोच लोक दोन ओळींत उरकतात. वडील बरे झाले, किंवा उपचार सुरू झाले आणि डॉक्टर असं म्हणतात, किंवा आठवड्याचं काम २० वरून ८ तासांवर आणलं. शेवटी पुढच्या सत्राची योजना: कोणते विषय, ते तुमच्यासाठी योग्य का, कोणत्या ग्रेड लागतील याचं आडवाटांसारखं गणित, कोणत्या दिवशी टीएकडे, ॲडव्हायझरशी दर दोन आठवड्यांनी भेट. ॲडव्हायझर ही योजना पाहून सहमतीचा ईमेल देत असतील तर तो जोडा, त्याचं वजन मोठं असतं.

काय बुडवतं? शिक्षकांना दोष देणं. 'मी फार मेहनती आहे' हे पुन्हा पुन्हा लिहिणं. कर्जाचा आकडा सांगून दया मागणं. कर्ज खरंच असतं आणि त्याचं ओझंही खरं, पण पुढच्या सत्रात तुम्ही पास व्हाल का, या समितीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. कागदपत्रं मराठीत असतील, दवाखान्याचं कार्ड किंवा मृत्यूचा दाखला, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

एफ-१ वाल्यांनी एक गफलत टाळावी. 'पुढच्या सत्रात दोनच विषय घेईन' अशी योजना समितीला आवडते, पण रिड्यूस्ड कोर्स लोड वापरून झाला असेल तर ती कायद्याने शक्यच नसते. योजना समितीला देण्याआधी डीएसओला दाखवा.

चौथीसीट

आणि अपील लिहीत असतानाच, त्याच दिवशी डीएसओला भेटा. तीन प्रश्न विचारा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत माझी सेव्हिस नोंद चालू राहील का? निकाल विरुद्ध गेला तर नोंद बंद होण्याआधी दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर करता येईल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत? तिसरा, देश सोडायचा तर किती दिवस?

हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. नोंद चालू असताना ट्रान्सफर झाली तर स्टेटस टिकतं, मात्र नव्या ठिकाणी प्रवेश हातात हवा आणि पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू व्हायला हवेत. डीएसओने अधिकृतपणे मुदतपूर्व माघार नोंदवली तर निघायला १५ दिवस मिळतात. डिग्री पूर्ण केल्यावर मिळतात ते ६० दिवस इथे लागू नाहीत. स्टेटस मोडल्यामुळे नोंद बंद झाली तर एकही दिवस मिळत नाही.

बंद झाल्यावरचा रस्ता म्हणजे रिइन्स्टेटमेंट, फॉर्म आय-५३९. त्यासाठी सहसा पाच महिन्यांच्या आत अर्ज हवा, विनापरवाना नोकरी केलेली नसावी, आणि कारण तुमच्या हाताबाहेरचं असावं किंवा डीएसओ मंजूर करू शकले असते असं कमी भाराचं असावं. 'अभ्यास जमला नाही' हे हाताबाहेरचं कारण मानणं कठीण. म्हणून वर सगळे सांगताहेत तसं विषय सोडण्याआधी परवानगी घ्या. त्या एका ईमेलवर पुढचं सगळं उभं असतं.

परत जाऊन पुन्हा यायचं तर, पाच महिन्यांहून जास्त काळ शिक्षणाबाहेर राहिलात तर नवी आय-२० आणि सेव्हिसची ३५० डॉलर फी पुन्हा.

गवतीचहा

शेवटचा प्रश्न. डब्ल्यूची तारीख उलटलीय, फायनल दोन आठवड्यांवर आहे, आणि एका विषयात एफ समोर दिसतोय. आता काहीच नाही का?

आडवाट

आहे. दोन गोष्टी.

आजारपण किंवा तसं गंभीर कारण खरोखर असेल तर बहुतेक विद्यापीठांत उशिराच्या माघारीचा अर्ज असतो, डीनच्या कार्यालयात. कागदपत्रांशिवाय तो मंजूर होत नाही, आणि एफ-१ असेल तर पुन्हा तेच, आधी डीएसओ.

तसं कारण नसेल तर उरलेला वेळ गुण पाहून वाटा, भीती पाहून नाही. समजा फायनलला तीस टक्के. विषय 'अ'मध्ये आजवर ७० पैकी ५८ जमा आहेत आणि बी ८३ ला मिळतो: तीसपैकी २५ हवेत. विषय 'ब'मध्ये ७० पैकी ४४ जमा, सी ७३ ला मिळतो: तीसपैकी २९ हवेत, ते होणार नाही. पण ६० ला एफ टळत असेल तर १६ पुरतात. अशा वेळी मुलं घाबरून सगळे चौदा दिवस 'ब'ला देतात आणि 'अ'ही घसरतो. 'ब'ला १६ पुरतील एवढेच दिवस द्या, मागच्या दोन पेपरांत हमखास येणारे धडे घेऊन. उरलेले 'अ'ला. आणि 'ब'च्या शिक्षकांना आजच मेल करा: कोणतं राहिलेलं काम अजून स्वीकारता, उशिराची कपात धरून? दहा टक्के वजनाचा, निम्म्या मार्कांनी घेतलेला गृहपाठसुद्धा पाच गुण देतो, आणि मग फायनलला १६ ऐवजी ११ पुरतात.